माझ्या पगाराचं तेवढं बोलायचं राहिलं

उमरगा,
वेळा अमावास्येनंतरचा सोमवार

ती. शांतम्मा वहिनींस महेश्वरीचा शरणार्थ.

पहिल्याच ओळीत ‘सर्व कुशल’ असं लिहायची पद्धत आहे, पण ते खरं आहे की नाही हे पत्र पुरं झाल्यावरच मला कळणार आहे, म्हणून तेवढी जागा कोरी सोडते. तुमची साखर कशी आहे? (फोनवर विचारलं की तुम्ही ‘बरी आहे’ म्हणता आणि मागं पेढ्याच्या पुड्याचा कागद वाजतो. अडतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, वहिनी, मला बोलण्याच्या आधी मागचे आवाज ऐकू येतात.) ईरण्णादादाचा खोकला कमी झाला का? त्याला म्हणावं, छातीला तेल लाव आणि बातम्या बघणं बंद कर, निम्मा खोकला बातम्यांचा आहे. शिवलीलाला मुलगी झाली, तुम्ही आजी झालात हे ऐकून फार बरं वाटलं. नाव ठेवताना तुमचं चालणारच, तेव्हा सूचना करत नाही.

तुमच्या शेजारचा शंभुलिंग टायरच्या कामासाठी इथं आला आहे, उद्या सकाळच्या गाडीनं सोलापूरला परत येईल. त्याच्याजवळ हे पत्र देते आहे. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. एक तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. दुसरं म्हणजे ही गोष्ट अशी आहे की सांगताना पलीकडून नुसतं ‘हं’ आलं तरी मी विषय बदलून हवापाण्यावर जाईन. कागद ‘हं’ म्हणत नाही.

आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. दोन ते चार दवाखान्यात कोणी येत नाही. दार लावलेलं असलं की हायवेवरचे ट्रक कानाला कळत नाहीत, समोरची काच थरथरते त्यावरून कळतात. सोलापूरकडून हैदराबादकडे एक थरथर, हैदराबादकडून सोलापूरकडे एक. मधे अगदी शांत. पलीकडच्या रानात ज्वारी पोटऱ्यात आली आहे आणि उन्हात ती इतकी संथ डोलते की बघता बघता आपणच डोलतोय असं वाटायला लागतं. अशा वेळी माणसानं महत्त्वाचं पत्र लिहू नये. पण बाकीच्या वेळी मला काम असतं.

काम म्हणजे काय, ते तुम्हाला एकदा सांगायलाच हवं. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं मी डॉ. अमरनाथांच्या दवाखान्यात बसते, एवढं तुम्हाला माहीत आहे. (‘आमच्या नणंदबाई तिथं नंबर लावतात’ असं तुम्ही पाहुण्यांत सांगता, तेही माझ्या कानावर आलं आहे.) नंबर मी लावतेच. पण ऑक्सिजनचा सिलिंडर संपायच्या आदल्या दिवशी दुसरा कोण मागवतं? विम्याचे कागद कोण भरतं? सीमेपलीकडून आलेल्या आजीच्या पोटात नेमकं काय होतंय ते तिच्याशी कन्नडात बोलून डॉक्टरांना मराठीत आणि हैदराबादच्या मोठ्या दवाखान्याला इंग्रजीत कोण सांगतं? डॉक्टरांच्या लग्नाचा वाढदिवस डॉक्टरांना आदल्या दिवशी कोण सांगतं? हा दवाखाना डॉक्टर चालवतात असं उमरग्यात सगळ्यांना वाटतं, आणि मी त्यांना तसं वाटू देते.

तर पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टर हातावर सॅनिटायझर चोळत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “महेश्वरीताई, एक तारखेपासून मॅनेजर येतोय. रणधीर म्हणून आहे, पुण्याला शिकलाय. त्याला सगळं तुम्हीच शिकवा बरं का. तुम्हाला तर सगळंच येतं.” या शेवटच्या वाक्याकडे जरा बघा, वहिनी. जिला सगळं येतं तिनं शिकवायचं आणि ज्याला काही येत नाही त्यानं मॅनेजर व्हायचं. मी ‘बरं’ म्हणाले. संध्याकाळी फरशी पुसता पुसता आमच्या अयोध्याबाईनं उरलेलं सांगितलं, “ताई, त्येचा पगार तुमच्या अडीचपट हाय म्हनं. आन् तुमचं टेबल जिन्याखाली जानार हाय, इथं काचंची खोली हुनार हाय त्याच्यासाठी.” अयोध्याबाईला कोण सांगतं हे कोणालाच माहीत नाही, पण तिचं कधी चुकत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन स्वयंपाक केला नाही. आरामखुर्चीत बसून काचेची खोली बघत राहिले. तिच्या दारावर पितळी पाटी, पाटीवर माझं नाव, त्याखाली ‘व्यवस्थापक’. आत पंखा संथ फिरतोय. मी टेबलावर दोन्ही हात ठेवून बसले आहे आणि हातांना काहीच करायचं नाही. किती वेळ बघत बसले कोण जाणे, उठले तेव्हा पाय बधिर झाले होते. उठले ती ठरवूनच: पद माझंच आहे, पाटी तेवढी लावायची आहे, आणि पगार पाटीला शोभेल असा हवा. एक तारखेच्या आत डॉक्टरांना हे तोंडावर सांगायचं. एकदा तो मुलगा त्या खुर्चीत बसला की विषय संपला. सहासष्टाव्या वर्षी मला दुसरी खुर्ची कोणी देणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आत गेले. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बघत होते. मी म्हणाले, “डॉक्टर, पगाराविषयी बोलायचं आहे.” ते म्हणाले, “बोला ना.” अगदी सहज म्हणाले. मी तोंड उघडलं, आणि वहिनी, शपथेवर सांगते, त्यातून बाहेर पडलं ते शरणबसप्पाचं नाव. शरणबसप्पा म्हणजे आमचा कंपाउंडर. मग मी थांबेचना. तो नऊ वर्षं इमानानं आहे, त्याची दोन मुलं इंजिनिअरिंगला आहेत, टोचलेली सुई कळत नाही असा हात त्याचा, उद्या समोरच्या दवाखान्यानं नेला तर तुम्ही काय कराल. उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलले. डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. त्याचा पगार त्याच क्षणी वाढला. शरणबसप्पानं संध्याकाळी मला अर्धा किलो बर्फी आणून दिली आणि पायाला हात लावला. मी बर्फीकडे बघत बसले.

हे असं का होतं त्याचं मूळ मला माहीत आहे, ते सोलापूरच्या कॉन्व्हेंटात आहे. अप्पांनी मला तिथं का घातलं हे घरात कोणालाच कळलं नव्हतं. (गुळाच्या दुकानात एकदा कोणी पाद्री आले, त्यांनी गूळ घेताना तीनदा आभार मानले आणि अप्पांना ते फार आवडलं, एवढंच कारण.) तिथं सिस्टर अँजेलांचा जेवायच्या टेबलावरचा एक नियम होता. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आपल्याला मीठ हवं असेल तर शेजारच्या मुलीला विचारायचं, ‘तुला मीठ हवं आहे का?’ त्यावरून तिनं ओळखायचं की मीठ हिलाच हवं आहे, आणि तिनं टेबलाच्या टोकापर्यंत सांगायचं, ‘महेश्वरीला मीठ द्या.’ बघायला गेलं तर सुंदर पद्धत आहे. सगळे एकमेकांकडे बघतात, कोणी हावरट होत नाही. पण सहा वर्षं माझ्या शेजारी गुलबर्ग्याची एक मुलगी होती, मनानं अगदी देवमाणूस. मी विचारायचे, ‘तुला मीठ हवं आहे का?’ ती आपल्या ताटाकडे नीट बघायची, थोडा विचार करायची आणि प्रामाणिकपणे म्हणायची, ‘नको, आहे.’ सहा वर्षं मी अळणी डाळ खाल्ली. तिच्या ताटात मात्र कधी काही कमी पडलं नाही, कारण मी ओळखायचे.

(तुम्ही त्या टेबलावर असता तर पहिल्याच दिवशी मिठाचं भांडं उचलून मांडीवर घेतलं असतं, हे मला माहीत आहे.)

पुढं नोकरीही अशी मिळाली की तो नियम मोडायचा प्रसंगच आला नाही. बोर्डावर बसून दिवसभर काय करायचं, तर दुसऱ्याचं मागणं तिसऱ्यापर्यंत पोचवायचं. कोणी मुलीसाठी स्थळ मागत असायचं, कोणी आडतीवरून भाव, कोणी मुंबईतल्या भावाला घरी ये म्हणायचं. मी कानाला हेडफोन लावून कॉर्ड खुपसली की दोन टोकांची माणसं एकमेकांना सापडायची आणि मी मधून नाहीशी व्हायचे. सोलापूरच्या बोर्डावर तेव्हा एक आवाज होता. रोज सकाळी आठला लाइन तपासायला तो म्हणायचा, ‘उमरगा, बोला.’ मी म्हणायचे, ‘सोलापूर, ऐकू येतंय.’ नऊ वर्षं. मग बोर्ड गेले, बटणं आली, तो आवाज कुठं गेला कळलं नाही. त्यालाही कोणा सिस्टरनं शिकवलं असावं. हे मी पूर्वी कधी कोणाला सांगितलं नव्हतं आणि तुम्हीही दादाला सांगू नका, तो नाव विचारेल आणि मला ते माहीत नाही.

भूकंपाच्या वर्षी तीन दिवस तीन रात्री मी बोर्डावरून उठले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल, कारण सोलापूरच्या गाडीनं डबा तुम्ही पाठवत होतात. (भाजीत मीठ नीट असायचं, हे तेव्हा सांगायचं राहिलं.) त्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र आमच्या साहेबांना मिळालं. लोक म्हणाले, अन्याय झाला. अन्याय कसला, साहेबांची शिफारस इंग्रजीत मीच लिहिली होती. साहेबांनी नुसतं म्हटलं होतं की वरून माहिती मागवली आहे, आणि मी लिहायला बसले ती साहेबांचंच लिहून उठले. फार सुरेख लिहिलं होतं. वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना ते काहीच आठवत नव्हतं.

तर शरणबसप्पाच्या बर्फीनंतर मी शहाणी झाले आणि कागदावर लिहून न्यायचं ठरवलं. कागदावर नाव चुकत नाही. रविवारभर बसून इंग्रजीत अर्ज लिहिला, सिस्टर अँजेलांनी चौकटीत लावला असता असा. कामं सगळी आली, सहा वर्षं आली, पदाचं नाव आलं. फक्त खाली रकमेची जागा आली तेव्हा पेन थांबलं. म्हटलं, आकडा तोंडी सांगू. डॉक्टरांनी अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “ताई, काय इंग्रजी आहे तुमचं. मॅनेजरनं काय काय करायचं ते इतकं नीट मला कधी सुचलं नसतं. रणधीरच्या नेमणुकीच्या पत्राला हे अस्संच्या अस्सं घेऊ या. तुम्हीच टाइप करा.” अर्जाच्या शेवटी अर्जदाराचं नाव मोठ्या अक्षरात होतं. पण डॉक्टरांना शेवटपर्यंत वाचायची सवय नाही, औषधाच्या चिठ्ठीचंही खालचं अर्धं मीच सांगते. मी जाऊन टाइप केलं. आणि टाइप करताना वाटलं, नवं पोर आहे, परगावचं आहे, वर्षाला पंधराच दिवस रजा म्हणजे फार कमी, म्हणून ती एकवीस केली. डॉक्टरांनी सही केली.

आता तुम्ही कपाळावर हात मारला असेल. जरा थांबा, अजून वेळा अमावास्येची येळवस व्हायची आहे.

डॉक्टरांचं रान येणेगूरच्या वाटेवर आहे. दरवर्षी दवाखान्याच्या सगळ्यांना येळवशीला तिथं बोलावणं असतं. यंदा मला त्या बोलावण्यात देवाचा हात दिसला. दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताशी घंटी असते, दारात माणसं असतात, आणि नाही म्हणायला शंभर कारणं असतात. येळवशीला रानात काय असतं? आणि त्या दिवशी आपल्या रानात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, बांधावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही हाक मारून जेवू घालायचं, ही रीत डॉक्टर मोडणार नाहीत, कारण त्यांची आई लक्ष्मीबाई तिथं बसलेली असते. ऐंशी वर्षांची आहे आणि अजून डॉक्टरांना ‘ए अमऱ्या’ म्हणते. म्हटलं, महेश्वरी, हीच जागा, हीच वेळ.

सकाळी दहाला पोचले. कडबा उभा करून केलेल्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पाच पांडव पांढरेशुभ्र बसले होते, पुढं दिवा. डॉक्टर लुंगी नेसून अंबिलाचा गडू घेऊन रानाभोवती फेरी मारत शिंपडत होते आणि मागं सगळे आरोळी देत होते. दवाखान्यात हळू बोलणारा माणूस रानात असा ओरडतो हे बघून मला धीर आला. फेरी झाली तशी मी पुढं झाले. “डॉक्टर, जरा बोलायचं होतं.” “आधी जेवा, ताई.” भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. जेवले. पुन्हा गेले. “डॉक्टर—” “अंबिल घेतलं का?” लक्ष्मीबाईनं लोटा भरला. प्याले. पुन्हा उठले, तर ती म्हणाली, “बस की गं, मळा काय पळून चाललाय का?” आणि दुसरा लोटा भरला. त्या दिवशी यजमानानं पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, एवढंच मी ध्यानात ठेवून गेले होते. पाहुण्यानंही यजमानाला नाही म्हणायचं नसतं, हे साफ विसरले. चौथ्या लोट्यानंतर बोरीखाली सतरंजीवर जरा टेकले. फक्त पाठ टेकली होती.

अंबिलाची झोप तुम्हाला माहीत आहे, ती येत नाही, ती आपल्यावर पांघरूण घालते. आधी ज्वारीची सळसळ लांब गेली, मग माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे झाले. मग बघते तर रानाच्या मधोमध माझा जुना बोर्ड. ज्वारीच्या प्रत्येक धाटाच्या टोकाला एक एक छोटा दिवा, आणि तो लागला की मी कॉर्ड लावते आहे. सगळ्या तालुक्याची माणसं एकमेकांना सापडताहेत आणि हसताहेत. मग एक दिवा लागला तो कोणाचा तेच कळेना. बाजूला पाच पांडव मुलाखत घ्यायला बसले होते, चुना लावलेले, तोंडं नसलेले, पण त्यांना ऐकू येत होतं हे मला नक्की माहीत होतं. सिस्टर अँजेला डोक्यावर अंबिलाची घागर घेऊन सगळ्यांना वाढत होत्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे बोल. आणि मी बोलले, वहिनी. नदीसारखं इंग्रजी आलं. काय काय सांगितलं मी, सिलिंडरपासून आजीच्या पोटापर्यंत, भूकंपाचे तीन दिवससुद्धा सांगितले. शेवटी आकडाही सांगितला, मोठ्यानं, आणि पाचही दगड किंचित पुढं वाकले. ज्वारी सगळी एकदम उभी राहिली. सगळं आयुष्य एवढ्यासाठी काढलं असं मला वाटलं.

जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि बोरीच्या पलीकडच्या बुंध्याला टेकून एक तरुण माणूस पत्रावळीत खीर घेऊन बसला होता. चष्मा, नवे बूट, बुटांना चिखल. म्हणाला, “मॅडम, मी रणधीर. सरांनी येळवशीला बोलावलं म्हणून आधीच आलो.” मग जरा घुटमळून म्हणाला, “तुम्ही झोपेत बोलत होता. कोणाची तरी शिफारस करत होता. खूपच छान. सहज विचारतो, त्या बाई कोण आहेत? त्यांना तर घ्यायलाच पाहिजे.”

मी विचारलं, “मी नाव काय सांगितलं?”

“नाव नाही सांगितलं,” तो म्हणाला. “सारखं ‘त्या बाई’, ‘त्या बाई’ म्हणत होता.”

मी उठून सतरंजीची घडी घालायला घेतली. त्यानं पत्रावळ ठेवून दुसरं टोक धरलं, हे त्याचं चांगलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की उतरलास कुठं. तर कळलं की लग्न न झालेल्या मुलाला उमरग्यात कोणी खोली देईना, म्हणून तो दवाखान्यातच तपासणीच्या बाकावर झोपणार आहे. डॉक्टरांना सांगायची त्याला लाज वाटते. “आधीच पगार चांगला दिलाय सरांनी,” म्हणाला. तपासणीचा बाक, वहिनी. त्यावर लहान मुलंसुद्धा झोपायला तयार होत नाहीत. मी पदर खोचला आणि तडक डॉक्टरांकडे गेले. पाचव्या मिनिटाला त्यांच्या जुन्या घराची वरची खोली, न्हाणीघरासकट, भाडं न घेता, त्याच्या नावानं ठरली. गादीही ठरली.

लक्ष्मीबाई कोपीच्या सावलीत बसून हे सगळं बघत होती. सकाळपासून मी कितीदा उठले आणि कितीदा बसले ते तिनं मोजलं असावं. मी परत आल्यावर तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, “काय गं बाई, मागायला आलतीस का वाटायला?”

मी पाचवा लोटा भरून घेतला. एवढा सरळ प्रश्न या आयुष्यात मी दुसऱ्यांदा ऐकला. (पहिल्यांदा तुमच्या लग्नात, तुम्ही सप्तपदी थांबवून कबूल केलेल्या हिरव्या साडीचं काय झालं असं विचारलं होतं तेव्हा.)

असो. हे सगळं तुम्हाला नुसतं करमणूक म्हणून लिहिलं. मी मजेत आहे, आणि जिन्याखालची जागा तशी थंड आहे, उन्हाळ्यात बरीच म्हणायची. समोरची काच आत्ता सलग थरथरते आहे, उसाच्या गाड्या असाव्यात. चारला दोन मिनिटं आहेत. दादाला नमस्कार, शिवलीलाच्या बाळाला माझा आशीर्वाद, तुम्ही पेढे एकदम सोडू नका, एकाआड एक सोडा.

तुमची नणंद,
महेश्वरी

ता. क. – वर ‘करमणूक म्हणून’ लिहिलं आहे ते खरं नाही. वहिनी, गुरुवारी सकाळच्या सोलापूर गाडीनं इकडे या. डॉक्टर दीड वाजता जेवायला बसतात, तेव्हा आत जा आणि माझ्यासाठी मागा. शिवलीलाच्या लग्नात मी चारचौघांत तुम्हाला मागतकरीण म्हणाले होते. कंडक्टरकडून खिडकी मागून घेणारी आणि वर खिडकीतून उठलेल्याच माणसाला पिशवी धरायला लावणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही. तेव्हा ते मी टोचून बोलले होते. आता ते शब्द परत घेत नाही, पण वेगळ्या आवाजात म्हणते आहे असं समजा. काचेची खोली, पाटी, पगार, या क्रमानं. रडू नका, माझं वय सांगू नका, आणि दादाला आणू नका, तो डॉक्टरांना खोकला दाखवत बसेल.

ता. क. दुसरा – रणधीरला काढायला सांगू नका. तो माझ्या हाताखाली राहील. त्याचा पगारही कमी करायचा नाही, खोलीही राहू द्या. त्याला अंथरुणाला चादरी नाहीत, येताना दोन आणा.

ता. क. तिसरा – आकडा किती, असं डॉक्टर विचारतील. तो मी या कागदावर चार वेळा लिहायला घेतला आणि चारही वेळा दुसरंच काही लिहिलं (शिवलीलाच्या बाळाला आशीर्वाद दोनदा आला असेल तर त्याचं हे कारण). आता एका दमात लिहिते. तीस हजार. अक्षरीही तीस हजार. त्या मुलाला जेवढा तेवढा, एक पैसा जास्त नको.

ता. क. चौथा – वरच्या आकड्याच्या पुढं ‘अठ्ठावीस दिले तरी चालतील’ असं लिहून खोडलं आहे. पेनाची शाई फिकी आहे, उजेडाला धरलं तर वाचता येईल. धरू नका.